दोन शिट्ट्या

रतन परत येणार हे सुचिताला कुणीच सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळी सातला ती पालीहून कोलाडच्या कॅम्पवर पोचली, तर तो शेडखाली उभा राहून लाइफ जॅकेटचे पट्टे एकेक करून ओढून बघत होता. वर्षभरात वाळला होता. हात मनगटापर्यंत काळे पडले होते आणि बोटांवर जाळ्याच्या दोरीचे जुने काप होते. मुरुडला ट्रॉलरवर होता, एवढं तिच्या कानावर आलं होतं.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून पुढचा पट्टा ओढला.

सुचिता तरातरा ऑफिसच्या खोलीत गेली. कॅम्पचा मालक बुधाजी चहात पाव बुडवत बसला होता.

"शेठ, हा इथे कसा?"

"दोन गाइड तापाने पडलेत. आठ जणांचं पूर्ण दिवसाचं बुकिंग हाय. सकाळी बोट, मग धबधबा, मग झिपलाइन. मी काय एकट्या तुझ्या गळ्यात बांधू सगळं?"

"माझ्याबरोबर तो नको."

"अगो बाय, त्याला बोट चालवता येते तशी या नदीवर कुणाला येते का, सांग. एक दिवस हाय. तोंड फिरवून काढा, पण काढा." बुधाजीने पाव तोंडात टाकला. "आणि जुनं काय उकरू नकोस. तो कागद बंद झालाय."

जुनं म्हणजे गेल्या ऑक्टोबरमधलं. करवंदीच्या ओहळावर, सत्तर फुटी धबधब्यावरून दोराने उतरताना, डोंबिवलीची मानसी नावाची शिक्षिका शेवटच्या बारा फुटांवरून खडकावर पडली. दोर खालपर्यंत पोचलाच नव्हता. तिचं कंबरेचं हाड मोडलं, तीन महिने ती अंथरुणात होती. वर दोर लावायला रतन होता, खाली सुचिता. चौकशी झाली, जबाब झाले, आणि रतनला काढून टाकलं. तेव्हापासून कोलाड ते रोहा सगळ्या कॅम्पवर त्याचं नाव पडलं होतं, 'बाई पाडणारा रतन'.

सुचिता बाहेर आली तेव्हा पर्यटकांची गाडी लागली होती. खारघरमधल्या घरं विकणाऱ्या एका कंपनीची माणसं. त्यांचा म्होरक्या पियूष हा पस्तिशीतला, गॉगल कपाळावर, आवाज फुटक्या भोंग्यासारखा.

"गाइड कोण? मॅडम, तुम्ही?" त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोई जेंट्स नहीं है क्या?"

"हाय ना," रतन मागून म्हणाला. "मी हाय. पण मॅडमचं ऐका. त्यांचा शब्द इथे कागदावर चालतो."

पियूष हसला. त्याला वाटलं कौतुक आहे. सुचिताच्या कानशिलातून मात्र गरम वाफ गेली.

वरच्या वीजघरातून रोज सकाळी पाणी सोडतात. ते कुंडलिकेत उतरलं की दोन-अडीच तास नदी बोटींना मिळते; नंतर पुन्हा गुडघाभर होते. त्यामुळे घाई असते. आठ जण रबराच्या बोटीत बसले, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. रतन मागे सुकाणूचं वल्हं घेऊन, सुचिता पुढे.

"पुढे म्हटलं की पुढे मारायचं. थांब म्हटलं की वल्ही वर," रतनने सांगितलं. आणि मग आवाज चढवून, "सुचिता मॅडम, ऐकलंत ना मी काय सांगितलं ते? नीट ऐका हां. नंतर म्हणाल, सांगितलंच नव्हतं."

तिने मागे वळून पाहिलं नाही. "तू बोट बघ."

"बोटच बघतोय. मला दुसरं काय येतं?"

पहिल्या उताराला बोट नाकावर आपटली आणि बर्फासारखं पाणी सगळ्यांच्या छातीवर आलं. पोरी किंचाळल्या. दुसऱ्या उताराच्या तोंडावर पियूष फोन काढून उभा राहिला. सुचिता ओरडली, "खाली बसा!" त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रतनने बोटीचं शेपूट असं काही झटकलं की पियूष धपकन बुडाशी बसला आणि फोन त्याच्या मांडीखाली गेला.

"ए भाई! जान के किया क्या?"

"नदीने केलं, साहेब."

बाकीचे हसले. पियूषचं तोंड लाल झालं. आपलं हसं झालं की दुसऱ्या कुणाचं तरी हसं केल्याशिवाय चैन पडत नाही, अशी काही माणसं असतात. त्याने मागच्या बाकावरच्या भक्तीला धरलं. ही तेवीस-चोवीस वर्षांची, ऑफिसात सगळ्यात नवी. बोटीची कड सोडायला तयार नव्हती.

"भक्ती, तू तो गयी आज. हे तर काहीच नाही, पुढे धबधबा आहे. क्लायंटसमोर पण अशीच थरथरते ही."

"साहेब, भीती वाटणाऱ्याला बोलू नका," सुचिता म्हणाली. "भीती वाटणारा नीट धरतो."

"मॅडम, मैं मेरी टीम को देख लूंगा."

प्रत्येक उताराआधी रतन मोठ्याने कितवा उतार ते सांगत राहिला, प्रत्येक हुकूम दोनदा देत राहिला, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणत राहिला, "मॅडम, ऐकलं?" नियमाबाहेर त्याचं एक अक्षर नव्हतं. तक्रार करायची तरी कशाची? बारा किलोमीटर सुचिता त्या आवाजाकडे पाठ करून बसली. पाठीला डोळे फुटल्यासारखं झालं तिला.

तिला ठाऊक होतं, तो का असं करतोय. आणि तो जे करतोय ते का बरोबर आहे, हेसुद्धा ठाऊक होतं. एवढी एक गोष्ट ती घरी, आपल्या शिक्षक वडिलांजवळही, बोलली नव्हती.

करवंदीच्या ओहळावर शिट्ट्या चालतात. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही, आणि मधे कडा पुढे आलेला असल्याने वरच्याला खालचं दिसत नाही. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे दोराचं टोक खाली पोचलंय, माणूस सोड. पाण्यात अडकू नये म्हणून टोकाला गाठ मारत नाहीत. तेव्हा खालच्याने टोक डोळ्यांनी बघायचं आणि मगच शिट्टी द्यायची. त्या दिवशी उशीर झाला होता. आधी उतरलेल्या एका बाईचा बूट दगडांत अडकला होता, सुचिता तो ओढत होती. पुढच्या माणसासाठी वर ओढलेला दोर पुन्हा पडल्याचा सपकारा आला. दोर नेहमी पोचतो, तसा आजही पोचला असणार. तिने मान न वळवता दोन शिट्ट्या दिल्या.

दोर कड्यावरच्या झुडपात गुंतून राहिला होता.

मानसी पडली. रतन दुसऱ्या दोराने घसरत खाली आला, तळहात सोलले होते त्याचे. तो म्हणाला, "तू शिट्टी दिलीस ना?" आणि सुचिताच्या तोंडून निघून गेलं, "मी? मी कुठे दिली?"

विचार करून बोललेलं नव्हतं ते. चटका बसल्यावर हात मागे येतो तसं आलं. पण एकदा आलं ते आलं. संध्याकाळी बुधाजीपुढे तेच म्हणावं लागलं, दुसऱ्या दिवशी पोलिसांपुढे तेच लिहून द्यावं लागलं, आणि दर खेपेला ते आधीपेक्षा सोपं गेलं.

दुपारी साडेबाराला सगळे ओहळाच्या माथ्यावर पोचले. पावसाळा नुकताच सरला होता, पाणी अजून भरात होतं. सुचिताने आठही जणांना खडकात ठोकलेल्या साखळीला अडकवलं.

"खाली मी जाईन," ती म्हणाली.

"न्हाय." रतन हार्नेस कसत होता. "आज मी खाली, तू वर. शिट्टी मी देणार. दे की माझ्यावर सोडून. मी नव्हतं का सोडलं तुझ्यावर?"

पर्यटक बघत होते. तो दोराला लागला आणि चार उड्यांत कड्याखाली दिसेनासा झाला.

सुचिताने आठ जणांसाठीचा दोर खाली फेकला. पाण्याचा गडगडाट तेवढा येत होता. एक मिनिट गेलं. दोन गेली. शिट्टी नाही. मुद्दाम करतोय, तिच्या मनात आलं. मला घाम फोडतोय. मग आल्या, स्पष्ट, एकामागून एक, दोन शिट्ट्या.

"चलो, सिग्नल मिला!" पियूष म्हणाला. "भक्ती, तू पहिली. डर निकल जाएगा."

"थांबा." सुचिताने भक्तीचा हार्नेस हातात धरला आणि सोडला. दोन शिट्ट्या आल्या होत्या. पण त्या खऱ्या कशावरून? त्याने टोक पाहिलं कशावरून? वर्षभर उरात राग घेऊन बसलेला माणूस. एक चूक माझ्या हातून करवून घेतली की त्याचं उट्टं निघालं. भक्तीच्या ओठांचा रंग गेला होता. सुचिताला ती मुलगी मानसीसारखी दिसू लागली.

"कुणी जागेवरून हलायचं नाही. कडी कुणी काढायची नाही. मी दोन मिनिटांत बघून येते," ती म्हणाली, आणि रतन ज्या दोरावरून गेला होता त्यावर स्वतः लागली.

पर्यटकांना वर एकटं सोडून गाइड खाली जात नाही. हा पहिला नियम. तो ती नव्या पोरांना शिकवत असे.

पंचवीस फुटांवर कड्याचा ओठ होता. तिथे पाय टेकवून तिने खाली पाहिलं. दोराचं टोक डोहात होतं, पाच-सहा फूट दोर पाण्यात लोळत होता. शेजारी छातीभर पाण्यात रतन उभा होता, मान वर करून. त्याने तिला पाहिलं. ती का आली ते त्याला तत्काळ कळलं. त्याने दोन्ही हात पसरले, बघ म्हणून, आणि तोंड वाकडं करून हसला. त्या हसण्याने तिची मान खाली गेली.

तेवढ्यात वरून खडे आले.

तिने वर पाहिलं. कड्यावरून दोन बूट बाहेर आले होते. भक्तीचे. पियूषने तिला साखळीवरून काढून, आपल्याच अकलेने दोराला लावून, ढकललं होतं. भक्ती दोराला मिठी मारून घसरत येत होती, पाणी डोक्यावर. आणि तिच्या पोटावरच्या कडीचं तोंड बंद ठेवणारा स्क्रू उघडा होता. कडीचं तोंड खडकावर घासून उघडमीट होत होतं. अजून एक गचका, आणि दोर कडीतून बाहेर.

सुचिताने शिट्टी तोंडात घातली आणि एकच मारली. लांब.

रतनला खालून ना भक्ती दिसत होती, ना कडी. त्याला फक्त शिट्टी ऐकू आली. त्याने विचारलं नाही, वळून बघायला थांबला नाही. दोर दोन्ही हातांत धरून तो मागे पाण्यात पडला, सगळ्या वजनानिशी. दोर तारेसारखा ताणला गेला, खालून ताणलेल्या दोरावर माणूस घसरत नाही, आणि भक्ती जागच्या जागी थांबली, कड्याच्या ओठापासून दहा फूट वर.

"हळू सोड!" सुचिता ओरडली. ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिने हाताने खूण केली. ती मात्र त्याला दिसली. त्याने वीतवीत दोर सैल केला. भक्ती वीतवीत खाली आली. सुचिताने तिचा बूट धरला, मग पट्टा, मग आपली कडी तिच्या हार्नेसला अडकवली आणि तो उघडा स्क्रू बोटं सोलेपर्यंत फिरवला.

"झालं. आता तू माझ्याशी बांधलेली आहेस. डोळे उघड."

"त्यांनी ढकललं," भक्ती म्हणाली. एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मॅडम, त्यांनी ढकललं मला."

दोघी डोहात उतरल्या. रतनने भक्तीला काठावर बसवलं, तिच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला. मग सुचिताकडे वळला. दोराने त्याचे तळहात पुन्हा सोलले होते.

"माणसं वर सोडून आलीस."

"हो."

"माझी शिट्टी तपासायला."

"हो."

"पोचला होता दोर?"

तिने मान हलवली. पाण्याच्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, ती म्हणाली, "रतन, त्या दिवशी शिट्टी मी दिली होती."

तो हसलासुद्धा नाही. "मला माहीत हाय. मी ऐकली होती. मला कशाला सांगतेस?"

आणि तो दोर गुंडाळायला लागला.

सुचिता पायवाटेने पुन्हा माथ्यावर गेली. उरलेल्या सात जणांना उतरवायला दीड तास लागला. पियूष उतरला तो तणतणतच. त्याला चूक कळली होती, म्हणून तर आवाज चढला होता. "मॅडम हमको छोड के चली गयी! मी व्हिडिओ काढलाय. रिव्ह्यू टाकणार, कम्प्लेंट करणार. सिग्नल मिळाल्यावर मी काय करायचं?" मग त्याने रतनच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, तू सांग. गयी थी ना ये ऊपर से?"

सुचिता ऐकत उभी राहिली. आता हा बोलेल. बोललाच पाहिजे, मी असते तर बोलले असते.

रतनने खांद्यावरचा हात काढून खाली सोडला. "मी खाली होतो, साहेब. वरचं मला दिसत न्हाय. न दिसलेलं मी सांगत न्हाय."

शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. कॅम्पवर जेवायला तांदळाची भाकरी आणि कोंबडी होती, तिने हात धुतले आणि तशीच उठली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिने शिट्टी मारली, आणि तो पडला पाण्यात. ज्या बाईच्या शिट्टीने त्याचं वर्ष मातीत गेलं, तिचीच शिट्टी. तरी अर्ध्या क्षणाचाही वेळ त्याने घेतला नाही. आणि तिला त्याच्या दोन शिट्ट्यांवर विश्वास ठेवता आला नाही, जो तिच्याशी कधी खोटं वागला नव्हता.

दुपारी चारला झिपलाइन. नदीच्या अल्याड-पल्याड दोन लोखंडी मनोरे, मधे दोनशे मीटर तार. अल्याडून सुचिता माणसं सोडायची, पल्याड रतन ती झेलायचा. दोघांकडे वॉकी होते. कॅम्पवर बुधाजीकडे एक, स्वयंपाकघरात एक, बोटींच्या शेडमध्ये एक, जीपमध्ये एक. चॅनेल सगळ्यांचा तोच.

"एक नंबर तयार."

"सोड."

"दोन नंबर तयार."

"सोड."

दिवसभरातलं त्यांचं हेच काय ते सरळ बोलणं. भक्ती आली नाही. ती गाडीत बसून राहिली होती आणि पियूषकडे बघायलाही तयार नव्हती. सातवा पियूष. तार पकडायच्या आधी तो सुचिताला म्हणाला, "मॅडम, वो बात आपस में खतम करते हैं. तुम्ही माझं बोलू नका, मी तुमचं बोलत नाही."

"मी दोघांचंही बोलणार आहे," ती म्हणाली आणि त्याचे दोन्ही पट्टे तपासून त्याला सोडलं. नदीवरून तो ओरडत गेला.

पल्याडून आवाज आला. "सात पोचला. तार मोकळी."

शेवटी गाइडने स्वतः जायचं असतं. सुचिताने कडी लावली, स्क्रू बंद केला, आणि वॉकीचं बटण दाबलं.

"सगळ्यांनी ऐका. मी सुचिता बोलतेय."

"बोल," बुधाजीचा आवाज आला. "काय झालं?"

"गेल्या वर्षी करवंदीवर मानसी मॅडम पडल्या. मी लिहून दिलं की मी शिट्टी दिलीच नव्हती आणि रतनने तसंच त्यांना सोडलं. ते खोटं आहे. मी दोन शिट्ट्या दिल्या होत्या. टोक न बघता दिल्या होत्या. रतनने नियमाप्रमाणेच केलं."

वॉकी खरखरला. मग बुधाजी. "सुचिता, चॅनेल मोकळा कर."

"चूक माझी होती. नंतर खोटं पण मीच बोलले."

"बाय, बंद कर तो वॉकी! पर्यटक हायेत! ऑफिसात ये आधी!"

तिने बटण सोडलं. पलीकडच्या मनोऱ्यावर रतन उभा होता, बोटभर उंचीचा दिसत होता. वॉकी त्याच्या कानाशी होता की खाली, तिला कळेना. ब्रेकची दोरी त्याच्या हातात होती. ती त्याने वेळेवर ओढली नाही तर माणूस मनोऱ्याच्या खांबावर आदळतो.

"आठ नंबर तयार," ती म्हणाली.

उत्तर यायला वेळ लागला.

"सोड."

ती सुटली. खाली नदी उतरली होती, सकाळी ज्यांच्यावरून बोट गेली ते खडक आता उघडे पडले होते. मनोरा झपाट्याने मोठा होत आला. तिने डोळे मिटले नाहीत. रतनने दोरी ओढली, नेमकी, आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने तिची कडी साखळीला लावली, मग तारेवरून सोडवली.

मग म्हणाला, "मला बरं वाटेल असं वाटलं तुला?"

"नाही."

"आईने मला पालीला नेलं होतं. बल्लाळेश्वरापुढे उभं केलं. म्हणाली, खरं सांग, तू शिट्टी ऐकलीस का? आईने, सुचिता. दुसऱ्या कुणी न्हाय. मी सांगितलं, ऐकली. तिने देवाला हात जोडले आणि मला म्हणाली, जाऊ दे, चूक होते माणसाच्या हातून." त्याचा आवाज चिरला, तो त्याने खाकरून सरळ केला. "तिचापण विश्वास बसला न्हाय."

"मी येते. तुझ्या आईला, मनुबाईंना, मी स्वतः सांगते."

"आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. मी सांगेन. आज हे चार जणांनी ऐकलंय, तेवढं मला बस." तो शिडी उतरायला लागला. मधेच थांबला. "आणि माझ्यासाठी केलंस, असं कुणाला सांगत फिरू नकोस. तुला झोप लागत नव्हती म्हणून केलंस."

ते खरं होतं.

ऑफिसात बुधाजी दार लावून बसला होता. "तुझ्या अंगात काय देवी आली का? विम्यावाले पुन्हा कागद काढतील. ती बाई पुन्हा वकील लावेल. त्या पियूषने तुझं वॉकीवरचं बोलणं फोनवर ऐकवलंय लोकांना."

"त्यांनी भक्तीला ढकललं, तेही लिहा. आणि मी माथा सोडला, तेही."

"मी काय लिहायचं ते मी बघेन. तू उद्यापासून येऊ नकोस. आणि पोलिसात जाशील तर या नदीवर तुला कुणी वल्हं हातात देणार न्हाय, सांगून ठेवतो."

"रतनला ठेवणार ना?"

"आता त्याला न ठेवून लोकांना सांगू काय?"

आठ वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. स्टाफची जीप पाचला पालीला निघते. ती पिशवी घेऊन गेली तेव्हा मागे पाच जण बसले होते. याच माणसांबरोबर ती आठ पावसाळे जेवली होती. कुणी सरकलं नाही. स्वयंपाकीण केसर, जी तिला रोज पहिली भाकरी वाढायची, तिने आपली टोपली शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"केसरमावशी?"

"माझ्या पोराला मी सांगितलं होतं, रतनकाकाशी बोलू नकोस," केसर म्हणाली. "तुझ्या शब्दावर."

पुढच्या सीटवर रतन होता. त्याने वळून पाहिलं नाही आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल."

सुचिता चार किलोमीटर चालत नाक्यावर आली आणि एसटीने घरी गेली. घरी वडिलांना तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर."

"नको, अण्णा. मी एकटी जाईन."

सकाळी निघण्याआधी तिने मानसीला फोन लावला. मानसीने सगळं ऐकून घेतलं. "मी हॉस्पिटलात सांगितलं होतं की शिट्टी ऐकल्याचं मला आठवतंय," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, तुम्ही धक्क्यात आहात. मीपण मग तसंच समजले. त्या माणसाला मी वर्षभर शिव्या घातल्यात." मग म्हणाली, "तुम्हाला माफ वगैरे मी करणार नाही. जबाबाची प्रत मात्र मला पाठवा." आणि फोन ठेवला.

पोलीस ठाण्यात हवालदाराने जुनी फाइल शोधायला पाऊण तास घेतला. मग कोरा कागद पुढे ओढला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. मधेच त्याने पेन थांबवलं.

"तेव्हा खोटा जबाब का दिलात? मालकाचा दबाव होता?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. बुधाजीने काल तिला हाकललं होतं. त्याच्यासाठी खोटं बोलावंसं वाटत नव्हतं, पण त्याच्याविरुद्ध खोटं बोलणं जिभेच्या टोकावर होतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचा दबाव नव्हता."

"मग?"

"घाबरले होते."

हवालदाराने तसं लिहिलं, पूर्ण जबाब मोठ्याने वाचून दाखवला, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.